पासष्ट की सत्तर?

तेरा पंचे पासष्ट. आपल्या पिढीतल्या कुणालाही झोपेतून उठवून विचारलं तरी हे उत्तर यावं. २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये माझ्या वर्गात नव्याने आलेल्या एका मुलाने चाचणीत हेच उत्तर लिहिलं होतं आणि मी त्यावर लाल फुली मारली होती. मला ते सत्तर दिसलं.

मी इंग्लंडमध्ये मिडलंड्समधल्या एका सरकारी माध्यमिक शाळेत गणित शिकवते. शाळेचं नाव देत नाही, मुलाचंही देत नाही. तो इराकमधल्या मोसुलचा. २०१४ च्या जूनमध्ये ते शहर आयसिसच्या ताब्यात गेलं तेव्हा हे कुटुंब तिथून निघालं आणि कुठे कुठे थांबत दोन वर्षांनी आमच्या गावात पोचलं. तो सातवीत आला तेव्हा त्याला इंग्रजी जेमतेम यायचं, आणि दोन वर्षं त्याने धड शाळा पाहिलेली नव्हती.

नव्या मुलाला कुठल्या तुकडीत बसवायचं हे ठरवायला आम्ही एक छोटी चाचणी घेतो. नुसते आकडे, शब्द नाहीत. कारण ज्याला इंग्रजी येत नाही त्याच्यावर अन्याय होऊ नये! कागद मी स्वतः तपासला. तेरा गुणिले पाच, उत्तर सत्तर. पाच त्रिक दहा. सात आठे छप्पनच्या जागी शून्य आणि सात. शंभर भागिले दोन केल्यावर नुसतं शून्य, शेजारी पेन टेकवल्यासारखा ठिपका. काही आकडे तर आरशात पाहावेत तसे उलटे. मी शेरा लिहिला, 'अंकज्ञान फार कच्चं, आकडे उलटे काढतो, डिस्लेक्सियासाठी तपासावं.' आणि तो गेला शेवटच्या तुकडीत.

भारतातल्या वाचकांसाठी इथे थोडं सांगायला हवं. इंग्लंडमधल्या बहुतेक माध्यमिक शाळांत गणिताच्या तुकड्या हुशारीनुसार पाडतात, त्यांना 'सेट' म्हणतात. दहावीच्या वयाला जी जीसीएसई परीक्षा असते तिचे गणितात दोन स्तर आहेत, हायर आणि फाउंडेशन. फाउंडेशनला बसलेल्या मुलाने सगळा पेपर बिनचूक सोडवला तरी नऊपैकी पाचच्या वरची श्रेणी त्याला मिळूच शकत नाही. खालच्या सेटमध्ये गेलेलं मूल वर सरकतं, नाही असं नाही. पण वर्ष सरतं तसं दोन सेटच्या अभ्यासक्रमात अंतर पडत जातं, आणि मग 'आता कशाला हलवायचं' असं आम्हीच म्हणतो. म्हणजे माझी ती फुली काही साधी नव्हती.

तो मुलगा पहिले दोन आठवडे भराभर सगळं सोडवत होता. नंतर हात थांबला. मान खाली घालून वहीच्या कडेला चौकोन काढत बसायचा. मी बोलायला लागले की जमिनीकडे पाहायचा. इथले शिक्षक अशा वेळी 'मी बोलतेय, माझ्याकडे बघ' असं म्हणतात आणि वीस वर्षांत ते वाक्य माझ्याही तोंडी बसलंय. आमच्या घरी आबा रागावत असताना त्यांच्या डोळ्याला डोळा लावला असता तर पाठीत धपाटा बसला असता, हे मला त्या वेळी आठवलं नाही.

मग फेब्रुवारीत पालकसभा झाली. वडील आले होते, इस्त्री केलेला शर्ट घालून. बरोबर नववीतली मुलगी, दुभाषी म्हणून. मी सांगितलं की तुमचा मुलगा काही करत नाही, लक्ष देत नाही, असंच चाललं तर कठीण आहे. मुलीने ते अरबीत सांगितलं. वडिलांचा चेहरा खुलला. छातीवर हात ठेवून ते दोनदा 'थँक यू, टीचर' म्हणाले आणि निघून गेले. मी स्टाफरूममध्ये येऊन चहा ओतत म्हटलं, "या लोकांना मुलांच्या अभ्यासाचं काही पडलेलंच नसतं."

हे वाक्य मीच म्हटलं. 'या लोकांना.' मी, सांगली जिल्ह्यातल्या एका खेड्यातून आलेली, जिच्या पुण्यातल्या कॉलेजच्या पहिल्या वर्षी 'आनि', 'पानी' म्हटलं की पुढच्या बाकावरच्या मुली एकमेकींकडे पाहायच्या. तीन महिने मी वर्गात तोंड उघडलं नव्हतं. प्राध्यापकांनी माझ्याबद्दल काय मत केलं असेल? अभ्यासू नाही, बुजरी आहे, फार पुढे जाणार नाही. इंग्लंडमध्ये शिक्षिका झाल्यावर माझी पक्की समजूत होती की परक्या मुलाची अडचण मला गोऱ्या सहकाऱ्यांपेक्षा आपोआप जास्त कळते. आपण स्वतः परके आहोत ना! मंडळातल्या बऱ्याच जणांची अशीच समजूत असते, मी पाहिलंय.

इस्टरच्या सुट्टीनंतर एक दिवस त्या तुकडीत आमची टीचिंग असिस्टंट मदतीला आली. ती मूळची मीरपूरकडची. मी तिला 'बाजी' म्हणते आणि ती मला 'दीदी'. मुलाच्या वहीतलं मागचं पान तिने उघडलं आणि मला हाक मारली. "दीदी, हे काय आहे माहितीय? कुराणात आयतांवर असे नंबर असतात."

मी पाहिलं. आणि अंगातलं बळच गेलं.

मंडळी, अरबी लिपीतले आकडे असे असतात. पाच म्हणजे एक गोल, थेट इंग्रजी शून्यासारखा. शून्य म्हणजे नुसता ठिपका. सहा हा इंग्रजी साताच्या वळणाचा. चार दिसतो इंग्रजी तीन उलटा करून ठेवल्यासारखा. तेव्हा पासष्ट लिहिलं की इंग्रजी डोळ्यांना सत्तर दिसणार, छप्पन लिहिलं की शून्य-सात, पंधरा लिहिलं की दहा आणि पन्नास लिहिलं की शून्य व शेजारी ठिपका. इराकच्या शाळांत हेच आकडे शिकवतात. मुलाला इंग्रजी आकडे वाचता येत होते, पण उत्तर घाईत लिहायचं म्हटलं की हात जुन्या सवयीने चालत होता. जुना कागद फायलीतून काढून पुन्हा तपासला. वीसपैकी एकोणीस बरोबर.

मधल्या सुट्टीत मी त्याला बोलावलं. बाजी होतीच. त्याला कागद दाखवला, माझ्या फुल्या दाखवल्या आणि म्हटलं की चूक माझी आहे. तो बराच वेळ कागदाकडे बघत राहिला. मग त्याने विचारलं, "मिस, तुम्ही इंडियाच्या ना?"

हो म्हटलं.

"मग तुम्हाला हे कसे नाही येत? आम्ही यांना हिंदी आकडे म्हणतो."

अरबीत या आकड्यांना खरोखरच 'हिंदी' आकडे म्हणतात, म्हणजे हिंदुस्थानचे. आणि ज्यांना आपण इंग्रजी आकडे म्हणतो त्यांना युरोपने नाव दिलं अरबी आकडे. दशमान पद्धत भारतातून निघाली, नवव्या शतकात बगदादला अल्-ख्वारिझ्मीने तिच्यावर पुस्तक लिहिलं, ते पुढे लॅटिनमध्ये गेलं, हा सगळा इतिहास मी दर वर्षी सातवीच्या पहिल्या आठवड्यात रंगीत स्लाइड दाखवून शिकवते. अरबी उजवीकडून डावीकडे लिहिली जाते तरी संख्येत एकक उजवीकडेच येतो, आपल्यासारखाच, हेसुद्धा सांगते. सगळं माहीत असून समोर आलेला कागद मला वाचता आला नव्हता.

त्यातून गंमत अशी की हा घोटाळा माझ्या स्वतःच्या घरात होऊन गेला होता. माझा मुलगा सहा वर्षांचा असताना आम्ही गावी गेलो. एसटी स्टँडवर फलाटाची पाटी पाहून तो म्हणाला, "आई, इथे ९४ फलाट आहेत?" पाटीवर होता १५. आपला एक इंग्रजी नऊसारखा आणि आपला पाच इंग्रजी चारसारखा. आजी-आजोबा पोट धरून हसले, पेढा मिळाला. मूल नातवंड असेल तर पेढा, परकं असेल तर डिस्लेक्सियाची तपासणी.

या प्रकारानंतर मी जरा डोळे उघडून वह्या पाहायला लागले. किती प्रकारांनी माणसं भागाकार करतात! आपण भाजक डावीकडे आणि भागाकार उजवीकडे कंसाबाहेर मांडतो. इथे इंग्लंडमध्ये भागाकार डोक्यावर लिहितात आणि त्या मांडणीला मुलं 'बस स्टॉप' म्हणतात. फ्रान्स-स्पेनकडची मुलं भाजक उजवीकडे लिहून त्याखाली भागाकार मांडतात. पोलंडच्या मुलांचं भागाकाराचं चिन्ह म्हणजे विसर्गासारखे दोन ठिपके, आणि दशांश चिन्हाच्या जागी स्वल्पविराम. मी आधी या सगळ्यांना 'आपल्या पद्धतीने कर' म्हणायचे. आपल्या म्हणजे कुणाच्या? मी स्वतः बस स्टॉप तिशीत शिकले, इथला अध्यापनाचा कोर्स करताना, आणि आजही घरी हिशेब करताना भागाकार उजवीकडेच जातो.

संख्यांच्या नावांचंही तसंच. मराठी मुलाला तोंडी संख्या सांगितली तर ते कधी कधी सदतीसचे त्र्याहत्तर लिहितं, कारण आपण एकक आधी बोलतो. अरबीत तेच, जर्मनमध्येही तेच. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' आणलं तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला. मंगलाताई नारळीकर त्या समितीच्या प्रमुख होत्या, त्यांनी मुलांचा गोंधळ कमी व्हावा म्हणून हे केल्याचं परोपरीने सांगितलं. आमच्या मंडळाच्या रविवारच्या मराठी शाळेत एकोणसाठ आणि एकोणसत्तर शिकवून पाहा, मग त्यांचं म्हणणं पटतं. भाषा बिघडेल या भीतीने तेव्हा मीही फोनवर बहिणीशी तावातावाने बोलले होते. आज तेवढी खात्री वाटत नाही.

मुलं चुकीच्या जागी बसवली जाण्याची गोष्ट या देशात नवी नाही. १९७१ मध्ये बर्नार्ड कोर्ड नावाच्या ग्रेनाडाहून आलेल्या शिक्षकाने एक छोटं पुस्तक लिहिलं होतं. लंडनमध्ये वेस्ट इंडियन मुलांना मोठ्या संख्येने मंदबुद्धी मुलांच्या वेगळ्या शाळांत धाडत होते, आणि धाडण्याआधी जी बुद्ध्यंक चाचणी घेत ती इंग्लिश मध्यमवर्गीय घरातल्या शब्दांवर आणि वस्तूंवर बेतलेली होती. पालकांनी ते पुस्तक हातोहात नेलं, आंदोलनं झाली. त्या शाळांचं ते लेबल १९८१ च्या शिक्षण कायद्याने गेलं. माझ्या कोर्समध्ये हे पुस्तक होतं. त्यावर मी निबंधही लिहिला होता, चांगले मार्क मिळाले होते.

आता उलट बाजू. सहकाऱ्यांना याची एवढी धास्ती बसलीय की ती कधी कधी मुलांच्या अंगावर येते. माझा मुलगा प्राथमिक शाळेत असताना धर्माच्या तासाला बाईंनी त्याला सगळ्या वर्गासमोर, अगदी प्रेमाने, विचारलं, "तुझी जात कोणती, सांगशील?" त्याला जात म्हणजे काय हेच ठाऊक नव्हतं. घरी येऊन विचारलं. त्या संध्याकाळी मी आणि नवरा जेवणाच्या टेबलावर एकमेकांकडे बघत बसलो, ते कसं विसरेन?

पण मीही काही मागे नाही. २०१८ चा रमझान मेच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत होता, ऐन जीसीएसईच्या दिवसांत. इथे उन्हाळ्यात रोजा सतरा-अठरा तासांचा होतो. मी मोठ्या जागरूकतेने माझ्या अकरावीच्या मुलींसाठी परीक्षेच्या आधी शांत खोली उघडून दिली. त्यातली एक सोमाली मुलगी कोपऱ्यात पाणी पिताना दिसली. मी सगळ्यांसमोर विचारलं, "अगं, तुझा रोजा नाही का आज?" तिचे कान लाल झाले. शेजारच्या मुलीने मान फिरवली. पाळी असताना रोजा धरत नाहीत. मला हे कळायला चार सेकंद लागले. चार सेकंद! ज्या घरात आईला महिन्याचे चार दिवस देवाजवळ जायची बंदी होती आणि पाहुण्यांसमोर 'आज तुमच्याकडे आरती कोण करणार' असं कुणी विचारलं की आम्हा मुलींना जमीन दुभंगावीशी वाटायची, त्या घरातली मी. त्या मुलीची मी दुसऱ्या दिवशी एकटीला गाठून माफी मागितली. "इट्स फाइन, मिस," म्हणाली. ती पुन्हा त्या खोलीत आली नाही.

तेव्हापासून एक गोष्ट कटाक्षाने पाळते. चक्रवाढ व्याज शिकवताना कुणी मुलगा म्हणाला की व्याज आमच्यात हराम आहे, तर मी त्याला वर्गासमोर इस्लामवर भाषण करायला लावत नाही. गाडीची किंमत दर वर्षी किती टक्के उतरते याचं उदाहरण देते, गणित तेच आहे. आणि संभाव्यता शिकवताना आधी पत्त्यांचा जोड प्रत्येक बाकावर ठेवते. बावन्न पानं, चार रंग, हे ज्याच्या घरात पत्ते कधी शिरलेच नाहीत त्याला कुठून ठाऊक असणार? अशी घरं काही एका धर्माची नसतात. आमच्या आजीने पत्ते चुलीत घातले होते.

इराकच्या मुलाचं पुढे काय झालं, ते सांगायचं राहिलं. सेट बदलायला आणखी महिना गेला. खालच्या सेटमधून वर नेलं की वरच्यातल्या एकाला खाली आणावं लागतं, त्याच्या पालकांची पत्रं येतात. विभागप्रमुखांशी माझी जुंपली. शेवटी जूनमध्ये तो दुसऱ्या सेटमध्ये गेला. तिथे त्याला बीजगणित अवघड गेलं, कारण ज्या पाच-सहा महिन्यांत इतर मुलं समीकरणं शिकली त्यांत हा दहाच्या आतल्या बेरजा करत बसला होता. मी आठवड्यातून दोनदा जेवणाच्या सुट्टीत शिकवायचे. तो डबा आणायचा नाही, मी थालीपीठ न्यायचे. ते त्याला आवडायचं, लोणचं मात्र नाही.

एकदा त्याच्या बहिणीला मी पालकसभेबद्दल विचारलं. ती आधी काही बोलेना. मग म्हणाली, "मिस, बाबा तेव्हा रात्री झोपत नव्हते. मी त्यांना सांगितलं की टीचर म्हणतात, तो हुशार आहे आणि सगळं ठीक चाललंय." नववीतली पोर. वडिलांचा खुललेला चेहरा मला दिसला आणि माझं स्टाफरूममधलं वाक्य आठवलं. आता आमच्याकडे पालकसभेला फोनवरून दुभाषी घेतात. खर्च होतो म्हणून दर वर्षी कुरकुर होते आणि दर वर्षी मी भांडते.

आठवीच्या मध्यावर त्या कुटुंबाला निर्वासित म्हणून मान्यता मिळाली. आनंदाची बातमी, पण मान्यता मिळाली की सरकारी घर २८ दिवसांत सोडावं लागायचं. आमच्या गावात परवडेल असं घर मिळालं नाही. उत्तरेकडे कुणी ओळखीचं होतं, तिकडे गेले. एका शुक्रवारी तो निरोप घ्यायला आला तेव्हा मी दुसऱ्या तासावर होते, भेट झाली नाही. नव्या शाळेला पाठवायच्या कागदांत मी अर्धं पान हाताने लिहून जोडलं, त्यात आकड्यांचा तक्ता काढून दिला. कुणी वाचला की नाही कळायला मार्ग नाही. आता तो विशीत असेल.

आमची चाचणी मात्र बदलली. पहिला प्रश्न आता असा असतो, 'तुझ्या पहिल्या शाळेत शिकवले तसे शून्य ते नऊ आकडे लिही.' त्याला गुण नाहीत. या सप्टेंबरात सुदानहून एक मुलगी आली. तिने दहाही आकडे वळणदार काढले आणि पाचाच्या गोलाला पाकळ्या काढून त्याचं फूल केलं. पुढच्या प्रश्नांत तीन उत्तरं चुकली होती. ती खरोखरच चुकलेली होती, मी दोनदा पाहिलं.